ह्यात मेन कोण?

‘सेटिंगचे दीडशे वेगळे होतील हां मॅडम,’ फ्लेक्स छापणारा म्हणाला.

कशाच्या सेटिंगचे? जे घरून पक्कं करून, पीडीएफ बनवून, पेनड्राइव्हवर आणलं होतं, त्याच्याच!

परिषदेच्या पोस्टरवर एकच आकृती होती. वर महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या पावसाचे तीन आलेख, त्यांच्या पायाशी सह्याद्रीचा लांबलचक बुटका छेद, उजवीकडे जिल्ह्याचा उभा नकाशा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजारही पुरा होत नाही. हे दिसायचं तर तिन्ही आलेखांचा उभा अक्ष एकच हवा. म्हणून आकडे फक्त महाबळेश्वरपाशी, आणि वाईच्या चौकटीत वर नुसतं रिकामं आभाळ. ते रिकामं आभाळ हाच माझा निष्कर्ष.

हे मांडायला मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथॉन या संगणकभाषेतलं आलेख काढायचं साधन. अख्खं पायथॉन शून्यापासून मोजतं. त्यातली आलेखांच्या चौकटी मांडणारी सबप्लॉट ही आज्ञा मात्र मॅटलॅब या दुसऱ्या संगणकभाषेच्या वळणावर गेलेली, म्हणून एकपासून. चौकटींची जाळी आखणाऱ्या ग्रिडस्पेकमध्ये परत शून्य. 2020 मध्ये सबप्लॉट मोझेइक आलं तेव्हा जरा हायसं वाटलं: ‘मपवन’ लिहायचं, त्याखाली ‘सससन’ (तीन गावं, सह्याद्री आणि नकाशा यांची आद्याक्षरं), की ज्याची त्याची चौकट तयार. फक्त नकाशा आपलं प्रमाण सोडत नाही, त्यामुळे तो दिलेल्या जागेत मधोमध अंग चोरून उभा राहतो. शिवाय आकृतीचं माप इंचात, पोस्टरचं मिलिमीटरमध्ये आणि फ्लेक्सवाल्याचं फुटात.

त्याच्या स्क्रीनवर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस उघडा होता. तो बाजूला सारून त्याने माझी फाइल कोरलमध्ये घेतली.

‘ह्यात मेन कोण?’

‘मेन म्हणजे?’

‘मोठा फोटो कुणाचा? हे तिघं तर सारखेच दिसत्यात.’

‘सारखेच आहेत. मुद्दाम.’

‘बरं. आणि ही खालची शुभेच्छुकांची पट्टी का?’ कर्सर सह्याद्रीवर.

‘पट्टी खालीच असती,’ बाकावर बसलेला एक तरुण म्हणाला. ‘मॅडमचं बरोबर आहे.’

हा त्या वाढदिवसाचा माणूस. पट्टीतल्या एका मित्राचा गोल दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा छापला गेल्यामुळे सकाळपासून त्याला फोन येत होते. तो पुढे सरकून मला समजावू लागला. सायबांचा फोटो वर, पण बर्थडे बॉयपेक्षा फार मोठा नको, नाहीतर वाढदिवस कुणाचा तेच कळत नाही. जिल्हाध्यक्ष सायबांच्या खांद्याच्या खाली. पट्टीतले मित्र सगळे एका मापाचे, कुणाचा गॉगल मोठा असला तरी. ‘माप चुकलं की माणूस तुटतो, मॅडम.’ उंचीच्या गुणोत्तरांवर इतकं नेमकं व्याख्यान मी विद्यापीठात ऐकलेलं नाही.

पोस्टर ए-झिरो हवं होतं, 841 बाय 1189 मिलिमीटर. ‘तीन बाय चार फूट घ्या, पैसे तेवढेच,’ म्हणत त्याने चारी बाजूंनी ओढलं. सातारा जिल्हा रुंदीला जवळपास नऊ टक्क्यांनी सुटला, उंचीला जेमतेम अडीच. तेवढ्यात गाइडचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परतले तर फ्लेक्स मशीनमधून उतरत होता, आणि वाईचा जुलै महाबळेश्वरच्या जुलैइतका उंच!

‘अहो, हे काय केलंत?’

‘वाईचे लईच बारके होते. वर एवढी जागा मोकळी. ती कापली न् ताणून घेतले.’

‘वाईवाले नाराज झाले असते, मॅडम,’ बाकावरून पाठिंबा.

1869 मध्ये शार्ल मिनार नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फ्रेंच अभियंत्याने नेपोलियनच्या रशिया-स्वारीचा नकाशा काढला. वर सैन्याचा झिजत जाणारा पट्टा, 4,22,000 पासून 10,000 पर्यंत. खाली परतीच्या थंडीचा चिंचोळा आलेख, वरच्या वाटेला रेघांनी जोडलेला. परतीचं सैन्य लईच बारीक दिसतंय, जरा जाड करू, असं त्याला कुणी म्हणालं नसावं. म्हणून तर आज तो अभ्यासाला आहे. आणि माझ्या पोस्टरवरची एक ओळ न वाचता हे लोक त्यातला पाऊस वाढवतात, वर सेटिंगचे पैसे लावतात! दुसरा फ्लेक्स मारून मागायला वेळ नव्हता. ‘पुढं वीस बॅनर हायेत.’

परिषदेत परीक्षक पोस्टरसमोर थांबले, चष्मा वर केला. ‘वाईत पाऊस चांगलाच वाढलेला दिसतोय.’ मी अक्षाबद्दल सांगायला लागेपर्यंत ते चहाकडे वळले होते. पहिलं बक्षीस चार सारख्या चौकटींच्या पोस्टरला मिळालं. त्याच्या चारही आलेखांचे उभे अक्ष वेगवेगळे होते, आणि एकाचाही शून्यापासून सुरू होत नव्हता. प्रशस्तिपत्रकात ‘सुबक मांडणी’ असं लिहिलंय.