गुलाबी पिस्तूल, मोरपंखी पिस्तूल

अमेरिकेत बायकांना पिस्तूल विकताना ज्या माणसाची भीती घातली जाते, तो माणूस सहसा येतच नाही. जो येतो तो बहुतेक वेळा ओळखीतला, घरातलाच असतो. आणि त्याला बंदूक विकताना कुणी काही विचारेलच असं नाही. मला एवढंच म्हणायचंय, पण जरा सविस्तर म्हणते, कारण आमच्या आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिलच्या मराठी मंडळींत सध्या हा विषय पोह्यांच्या बशीबरोबर फिरतोय.

"घरात एक असायला हवं." आधी हे फक्त पुरुष बोलायचे, आता बायकाही बोलायला लागल्यात. २०२० साली पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांच्या इथं रांगा लागल्या होत्या, त्यात आपल्यासारखे आशियाईही बरेच होते. त्यानंतर हा विषय कधी गेलाच नाही. आमचं गाव म्हणजे वॉलमार्टचं माहेर. त्यांच्याकडे शिकारीच्या बंदुका मिळतात. २०१९ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या त्यांच्याच दुकानात गोळीबार झाल्यावर त्यांनी पिस्तुलाच्या गोळ्या विकणं थांबवलं. पण इथं बाकीची दुकानं काय कमी आहेत? तर म्हटलं, लोकांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा एकदा जाऊन डोळ्यांनी बघावं. आयुष्यात जोतिबाच्या यात्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक सोडली तर मी दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही.

शेजारीण सोबत आली. ती अस्सल आर्कन्सॉची, इमर्जन्सी वॉर्डात नर्स. लहानपणापासून वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जाते. जातानाच तिनं बजावलं, "विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही. उचललंस तर तोंड माणसांकडे करायचं नाही. आणि बोट ट्रिगरच्या बाहेर, रिकामी आहे असं शंभर जणांनी सांगितलं तरी."

आमच्याकडून शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा दोनेक तासांवर. तिथल्या एक्स्पो स्क्वेअरमध्ये एप्रिल आणि नोव्हेंबरात वॅननमाकर म्हणून बंदुकांचा शो भरतो, म्हणजे प्रदर्शन आणि विक्री. हा १९५५ पासून चालू आहे आणि जगातला सगळ्यात मोठा म्हणवतो. एका छताखाली अकरा एकर. बाहेर तेल काढणाऱ्या कामगाराचा पंचाहत्तर फुटी पुतळा, त्याला गोल्डन ड्रिलर म्हणतात. दारात बंदुका घेऊन आलेल्यांची वेगळी तपासणी. गोळ्या काढल्यात ना बघायचं, आणि बंदूक चालूच नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी ओवून आवळायची. आत शिरलं की बंदुकीच्या तेलाचा वास, त्यात कॅरॅमल पॉपकॉर्नचा. टेबलांच्या रांगा संपतच नाहीत. सुऱ्या, जुनी नाणी, सैन्याचे जुने कोट, वाळवलेलं मांस, सगळं आहे. गर्दीत पिकल्या दाढ्या जास्त, पण बाबागाड्या ढकलणारी जोडपीही होती. मला वाटलं होतं लोक आपल्याकडे बघतील. कुणीही बघितलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी रमले ते जुन्या रायफली जमवणाऱ्यांच्या टेबलांवर, हे मान्य करायला हवं. एका आजोबांनी विचारलं, कुठली तू? मी म्हटलं इंडिया, तर त्यांचा चेहराच खुलला. मागच्या पेटीतून एक लाकडी रायफल काढून त्यांनी माझ्यापुढं आडवी ठेवली. बोल्टच्या मागं लोखंडावर आपले अशोकस्तंभाचे सिंह कोरलेले! खाली 'आर. एफ. आय.' आणि साल १९६७. रायफल फॅक्टरी इशापूर, बंगालमधली. मला ती आपल्या पोलिसांची थ्री नॉट थ्री वाटली. आजोबा म्हणाले, दिसते तशीच, पण नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारतानं तोच साचा ठेवून ७.६२ मिलिमीटरची गोळी घेणारी ही बनवली. मग त्यांनी बोट ठेवून मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, दाखवलं. जुन्या थ्री नॉट थ्रीचं खाली तिरकं असतं आणि त्यात दहा गोळ्या बसतात, हिचं चौकोनी आणि बारा. लाकडात एक आडवा स्क्रू मारलेला, तोही त्यांनी बोटानं चाचपायला लावला. भारतीय सैन्यानं मोडीत काढल्यावर या रायफली अमेरिकेत स्वस्तात आल्या, म्हणून त्यांच्यासारख्या माणसाला परवडली. मी त्यांना सांगितलं की २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही आमच्या पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होत्या, आणि तुकाराम ओंबळेंच्या हातात तर नुसती काठी. त्यांना ओंबळे माहीत नव्हते. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मला काही विकायचा प्रयत्न केला नाही, कुणाची भीती घातली नाही. अख्ख्या अकरा एकरांत मला सगळ्यात कमी धोकादायक वाटलेला माणूस हा, आणि त्याच्या टेबलावर वीस-पंचवीस रायफली होत्या.

मग बायकांसाठीची टेबलं.

ती लांबूनच ओळखू येतात. गुलाबी, जांभळी, मोरपंखी पिस्तुलं. पिस्तुलासाठी चोरकप्पा असलेल्या पर्स. लेगिंगच्या आत बांधायचे पट्टे. विक्रेता साडीच्या दुकानातल्यासारखा एकेक रंग पुढं टाकत होता. आणि बोलणं? तीन वेगवेगळ्या टेबलांवर तेच. "रात्रीची वेळ आहे मॅम, पार्किंग लॉटमध्ये तुम्ही एकट्या आहात, आणि मागून पावलं वाजतात..." इतकं पाठ केलेलं की तिसऱ्या वेळी शेजारीण ओठ हलवून सोबत म्हणायला लागली. पुढं न विचारताच हातात एक इवलंसं हलकं रिव्हॉल्व्हर. बाईचा हात छोटा, तर बंदूकही छोटी! शेजारणीनं ते उचलून तोललं आणि परत ठेवलं. नंतर म्हणाली, नवख्या बाईला हे देणं म्हणजे खोडसाळपणा आहे. बंदूक जितकी हलकी तितका झटका जास्त. पहिल्याच गोळीला मनगट दुखतं, बाई घाबरते, आणि पिस्तूल कायमचं कपाटात जाऊन पडतं. म्हणजे ज्याला ते सापडू नये त्याला सापडायला मोकळं.

पलीकडच्या रांगेत एक साठीची बाई मात्र खरंच शिकवत होती. पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढायला माझी बोटं पुरेनात. ती म्हणाली, चिमटीत धरून ओढू नको. डावा पंजा वरून आवळ, घट्ट धर, आणि उजव्या हातानं खालचं पिस्तूल पुढं ढकल. खट्‌कन झालं. ताकदीचा प्रश्नच नव्हता. मग तिनं विचारलं, घरात कोण कोण असतं? मुलं किती वर्षांची? कुणाला नैराश्याचा त्रास? तिजोरी आहे का? पार्किंग लॉटचा विषय तिनं काढलाच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बंदूक चालली ती स्वतःवरच. आणि इथं खून होणाऱ्या बायकांतला मोठा हिस्सा नवरा, मित्र किंवा त्यांच्यातला कुणी 'माजी' यांच्या हातून जातो. शेजारणीला विचारलं, तुझ्या वॉर्डात काय येतं? ती म्हणाली, पार्किंग लॉटवाला माणूस मी अजून बघितलेला नाही, नवरे मात्र वेटिंग रूममध्ये बसलेले असतात.

अमेरिकेच्या कायद्याला हे कळलेलं नाही असं नाही. १९९६ पासून, घरातल्या बाईला मारहाण केल्याचा किरकोळ गुन्हा जरी शाबीत झाला असेल, तरी त्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. परवानाधारक दुकानदाराकडून, मग तो शोमध्ये बसलेला असला तरी, बंदूक घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. मग एफबीआयच्या यादीत नाव तपासतात. १९९८ पासून ही यंत्रणा चालू आहे आणि बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. इथपर्यंत ठीक.

पण त्याच हॉलमध्ये एक गृहस्थ खांद्याला रायफल लावून फिरत होते. नळीत काडी खोचलेली आणि काडीला किमतीचा कागद. ते दुकानदार नाहीत, स्वतःकडची जुनी वस्तू विकायला आलेले. मी सहज किंमत विचारली. त्यांनी मला एकच प्रश्न केला, "ओक्लाहोमात राहता का?" मी म्हटलं नाही, आर्कन्सॉ. "मग माफ करा, मला विकता येणार नाही." माणूस कायदा पाळणारा, वागायला सज्जन. पण मी टल्साची असते तर? पैसे मोजून घेतले असते आणि रायफल खांद्यावर टाकून बाहेर पडले असते. फॉर्म नाही, यादी नाही. समोरच्याला बंदूक बाळगायची मनाई आहे हे माहीत असताना विकणं गुन्हा आहे, पण विचारायची सक्ती नसेल तर माहीत होणार कसं?

कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडातल्या तीन बंदुका अशाच शोमधल्या खाजगी विक्रेत्यांकडून, एका मैत्रिणीकरवी घेतलेल्या होत्या. ते १९९९ साल. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या लोकांनी मतदान करून शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी लावली. व्हर्जिनियानं २०२० मध्ये खाजगी विक्रीलाही लावली. ओक्लाहोमा आणि आमचं आर्कन्सॉ, दोन्हीकडे नाही.

शेजारणीचं यावर म्हणणं होतं की उगाच शोला बदनाम करतात. आणि तिचं खोटं नाही. सरकारनंच २०१६ मध्ये कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांत ती शोमधून घेतलेले एक टक्काही नव्हते. बहुतेकांनी रस्त्यावरून, चोरबाजारातून, नाहीतर ओळखीच्यांकडून मिळवलेल्या. मान्य. पण मग माझं म्हणणं हॉलपुरतं नाहीच. काडीला कागद लावून फिरणारा माणूस उद्या तीच रायफल स्वतःच्या अंगणात विकेल, तिथंही फॉर्म नाही. बाईला गुलाबी पिस्तूल देऊन तिच्या रक्षणाचं बोलायचं, आणि जिच्या नवऱ्याला कोर्टानं मनाई केलीय त्याला बिनकागदाची मिळायची वाट उघडी ठेवायची, हे मला पटत नाही. बायकांची एवढी काळजी असेल तर आधी ती वाट बंद करा, रंगांचं नंतर बघू.

"तू कोल्हापूरची असून बंदुकीच्या विरोधात?" असं कुणीतरी लिहिणारच. विरोधात नाही हो. आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली आणि राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, दोन्ही वेळा आमच्या घरात पेढे आलेत. खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीला हळदकुंकू मी लावलंय. भारतात परवाना काढताना तुम्हाला बंदूक कशाला हवी हे पटवून द्यावं लागतं, पोलीस घरी येऊन चौकशी करतात. त्यात वशिलेबाजी आहे, सगळं आहे. पण 'कशाला हवी' हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

एक अगदी व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. एच-वन (नोकरीचा) किंवा एच-फोर (त्यांच्या नवरा-बायकोचा, मुलांचा) व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा इथला फेडरल गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. मित्राची बंदूक 'जरा हातात धरून' फोटो टाकणाऱ्यांनीही विचार करावा. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते.

आम्ही घेतली का? नाही. घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे, दहावी-अकरावीची त्याची तऱ्हा आम्ही बघतोय, आणि त्या साठीच्या बाईच्या प्रश्नांची माझी उत्तरं मला पुरेशी वाटली नाहीत. शिकणार मात्र आहे. शेजारणीच्या ओळखीत एक रेंज आहे, तिथं नवख्यांना आधी पॉइंट टू-टू, म्हणजे अगदी छोट्या गोळीची बंदूक, देतात, झटका जवळजवळ नसतो. आमच्या ग्रुपमधल्या एका घरात पिस्तूल आणि तिजोरी दोन्ही आलंय, पण तिजोरीचा नंबर फक्त नवऱ्याला माहीत आहे. त्याच्या बायकोला मी म्हटलं, तू पण चल शिकायला, आणि आधी नंबर मागून घे. शनिवारी सकाळी निघतोय, गाडीत अजून दोघींची जागा आहे. व्हिसावाल्यांनी वकिलाला फोन करूनच कळवा.