ओढ्यातल्या किड्यांवर उगाच घेतलेला आळ

एक जुना संदेश पुन्हा फिरू लागलाय. त्याचा मथितार्थ असा: ‘ओढ्यातला दगड उलटून बघा. खाली किडे दिसले तर पाणी दूषित. पाणी नितळ आणि दगड स्वच्छ असेल तर बिनधास्त प्या. ते किडे म्हणजे डासांच्या अळ्या, त्यांच्यावर औषध मारा. खात्रीच करायची तर बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या. किडे मोजणं हा रिकामटेकडा उद्योग आहे.’ लिहिणाऱ्याने दगड उलटला असेल, पण खाली काय आहे ते नीट पाहिलेलं दिसत नाही.

‘किडे दिसले तर पाणी दूषित’ इथूनच बघू. खळाळत्या पाण्यातला गोटा उचलला की त्याला चिकटलेलं एक चपटं पिल्लू सरपटत सावलीच्या बाजूला पळतं. पोटाच्या दोन्ही कडांना पातळ कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असतील, तर ते मेफ्लायचं. दोनच शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतील, तर स्टोनफ्लायचं. वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने जोडून केलेल्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची अळी. हे तिघेही मोठेपणी पंख फुटून उडणारे कीटक, पण लहानपणी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात, आणि तो मुळात फार नसतोच: 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू हाच ऑक्सिजन फस्त करतात. स्टोनफ्लाय सगळ्यांत आधी नाहीशा होतात, मग बऱ्याचशा मेफ्लाय. उरतात त्या गाळातल्या काइरोनोमिडच्या, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या, लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने तुटपुंज्या ऑक्सिजनवरही त्यांचं भागतं.

म्हणजे नुसते ‘किडे आहेत’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणते आहेत, आणि जे असायला हवे होते त्यातले कोणते गायब आहेत, ते बघावं लागतं. ही काही आजची टूम नाही. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1908-09 मध्येच सांडपाणी सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या जिवांच्या याद्या केल्या होत्या. पुढे अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ हिल्सेनहॉफ यांनी ओढ्यातल्या कीटकांना 0 ते 10 असे सहनशक्तीचे आकडे दिले. 0 म्हणजे अगदी नाजूक. ब्रिटिश पद्धतीत नेमकं उलट, तिथे नाजूक कुळाला 10 गुण. कुणी नुसता आकडा तोंडावर फेकला तर आधी मोजपट्टी कुठली ते विचारा.

आता ‘नितळ म्हणजे शुद्ध’. पाणी गढूळ दिसतं ते तरंगणाऱ्या कणांमुळे. विरघळलेलं आम्ल, धातू, कीटकनाशक डोळ्याला दिसत नाही. काही खाणींतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी तर संशय यावा इतकं नितळ असतं, कारण अशा पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. अशा ओढ्यात दगडाखाली काही नसतं. संदेश ज्या दगडाला ‘स्वच्छ’ म्हणतो, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

पण आमच्या बाजूचे काही उत्साही लोक उलट टोक गाठतात: ‘मेफ्लाय आहे ना, मग प्या!’ तेही चूक. वरच्या अंगाला कुणी शौचाला बसलं असेल तर रोगजंतू पाण्यात येतील आणि मेफ्लायला त्याचा पत्ताही लागणार नाही. पिण्यासाठी जिवाणूंची तपासणी वेगळी करावी लागते, नाहीतर पाणी उकळावं.

‘डासांच्या अळ्या’ हा तर निव्वळ गोंधळ. बहुतेक डासांच्या अळ्या पृष्ठभागाशी येऊन हवेतूनच श्वास घेतात. खळाळात त्या टिकत नाहीत. काही ॲनाफिलीस (मलेरिया पसरवणारे डास) ओढ्याच्या काठच्या संथ, गवताळ पाण्यात वाढतात हे खरं, पण ते दगडाखाली नव्हे. औषध मारलंत तर डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्लंही मरतील. वेगवान पाण्यातल्या काळ्या माश्यांच्या अळ्यांवर औषध मारण्याची वेळ पश्चिम आफ्रिकेत खरोखर आली होती, कारण त्या माश्यांच्या चाव्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींमुळे माणसं आंधळी होत. 1974 मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेत फवारणीबरोबर नदीतले इतर कीटक आणि मासे यांच्यावरही लक्ष ठेवलं जात होतं. तेव्हा किडे मोजणारे रिकामटेकडे नव्हते.

राहिली बाटली. कोणतं रसायन आहे त्याचं नाव प्रयोगशाळाच सांगेल, याबद्दल वाद नाही. पण बाटलीत फक्त त्या क्षणाचं पाणी असतं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी नमुना घेईपर्यंत पुढे वाहून गेलेलं असतं. स्टोनफ्लायचं पिल्लू मात्र महिनोन्‌महिने, काही जातींत दोन-तीन वर्षं, त्याच पाण्यात काढतं. मधल्या एका वाईट रात्रीचा हिशेब त्याच्या गैरहजेरीत सापडतो.

मोजायचं तर एका दगडावर भिस्त ठेवू नका. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरून पायाने तळ ढवळा. खळाळ, काठ आणि कुजक्या पानांचा ढीग यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. सांडपाणी मिळतं त्या जागेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? पूर नुकताच ओसरला असेल तर काही आठवडे थांबा, कारण चांगल्या ओढ्याचा तळही तेव्हा धुऊन निघालेला असतो. आणि पिल्लांना पंख फुटून ती उडून गेल्यावरही दगड काही काळ रिकामे दिसतात, म्हणून वेगळ्या ऋतूत पुन्हा एकदा जाऊन या.