त्या १,०७२ मतांबद्दल

काँग्रेस अध्यक्षपदाची २०२२ ची निवडणूक आठवतेय? १७ ऑक्टोबरला मतदान झालं, आपल्याकडे दादरच्या टिळक भवनात, १९ ला निकाल, मल्लिकार्जुन खर्गेंना ७,८९७, शशी थरूरांना १,०७२ आणि ४१६ मतं बाद. २४ वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष एवढीच बातमी सगळ्यांनी वाचली आणि विषय मिटला. माझ्या मनातून तो अजून जात नाही, कारण आमचं घर आजोबांपासून काँग्रेसचं आहे.

मला ते १,०७२ लोक फार मोलाचे वाटतात. वारं कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांना दिसत होतं, मोठे नेते उघडपणे खर्गेंसोबत, थरूर प्रचाराला जायचे तिथे प्रदेशाचे बरेच पदाधिकारी भेटायलाही यायचे नाहीत, तरी मतपत्रिका गुप्त होती म्हणून एवढ्या जणांनी मनातलं मत दिलं! १९९७ ला याच अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सीताराम केसरींसमोर आपल्या पवारसाहेबांना ८८२ मतं पडली होती, टक्क्यांत काढलं तर दोघंही बाराच्या आतच. २००० ला सोनियाजींसमोर जितेंद्र प्रसादांना तर फक्त ९४.

खर्गे जिंकले याचं मला वाईट वाटलं नाही. ब्लॉकपासून, म्हणजे पक्षाच्या स्थानिक समितीपासून वर आलेला, अनेक वर्षं निवडणुका जिंकलेला माणूस आहे तो. माझं म्हणणं मतदारांबद्दल आहे. अध्यक्षासाठी मत देणारा डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, ब्लॉकमधून निवडून यायला पाहिजे असं पक्षाची घटनाच सांगते, पण बऱ्याच ठिकाणी वरून नाव येतं आणि खाली सर्वसंमती म्हणून टाळ्या पडतात. पक्षाचेच खासदार मनीष तिवारी म्हणत होते मतदारयादी वेबसाइटवर टाका, त्यात चुकीचं काय होतं? गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत पण यादी आधी लागते हो, हरकती घेता येतात.

आणि त्यानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ ला रायपूरच्या अधिवेशनात ठरलं की कार्यसमितीची, म्हणजे पक्षाचे निर्णय घेणाऱ्या सर्वोच्च समितीची, निवडणूक घ्यायची नाही, सगळे सदस्य अध्यक्षच नेमणार. मला तेव्हा खरंच दुःख झालं, कारण ऑक्टोबरात जी सवय लागायला सुरुवात झाली होती ती तिथेच मोडली. ऑगस्टमध्ये थरूरांना कार्यसमितीत घेतलं, चांगलंच केलं, पण एआयसीसीच्या, म्हणजे अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या सदस्यांनी मतं देऊन त्यांना तिथे पाठवलं असतं तर मी त्या दिवशी घरी पेढे आणले असते.