शाळेची ती दोन पानं

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका बारावीतल्या मुलीच्या आईने आज सकाळी एक पीडीएफ पाठवली. खाली मेसेज: "ताई, पोर्टलवर सगळ्या टिक हिरव्या झाल्या. सुटलो एकदाचे!" पीडीएफ उघडली आणि डोकंच फिरलं.

मुलीने १ नोव्हेंबरच्या मुदतीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज केला आहे. त्यासोबत शाळेच्या काउन्सेलरने 'स्कूल प्रोफाइल' म्हणून जी दोन पानं चढवली, ती ही. पहिल्या पानावर दात विचकणारं अस्वल, शाळेचं बोधचिन्ह. त्याखाली हॉकीचा करंडक धरलेली पोरं. दुसऱ्या पानावर कॅफेटेरियाच्या वेळा, आणि पालकांनी गाडी कुठे लावावी व कुठे अजिबात लावू नये याचे सहा नियम. मार्कांबद्दल एक अक्षर नाही. टिक मात्र हिरवी. कारण पोर्टल फक्त फाइल पोचली का ते बघतं, आत अस्वल आहे की अक्कल, ते बघत नाही.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, तर ऐका. या मुलीला अकरावीच्या इंग्रजीत ८४ आहेत. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात ८० च्या वर म्हणजे लेव्हल ४, सगळ्यात वरची पायरी. ७० ते ७९ ही लेव्हल ३, आणि प्रांताने ठरवलेला दर्जा तोच. पण अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत ८४ म्हणजे 'बी'. फाइल वाचणाऱ्या माणसाला हा फरक कोणी सांगायचा? मुलीने निबंधात? ती दोन पानं असतात ती नेमकी यासाठीच. शाळेत मार्क कसे देतात, त्या वर्गात ९० च्या वर किती जणांना मिळाले, एपी किंवा आयबीसारखे वरच्या पातळीचे विषय मिळतात का (मिळतच नसतील तर मुलीने ते का घेतले नाहीत हा प्रश्नच उरत नाही), सेमिस्टर पद्धत असल्यामुळे एका वेळी चारच विषय का दिसतात, शाळा रँक देते की नाही. एवढं एका पानात मावतं. गाडी लावायचे नियम वगळले तर जागाच जागा.

आणि यावर आपल्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय? "एकूण ९३ टक्क्यांना तिकडे कोण विचारतंय?" बोर्डात आलेल्यांची यादी छापायची तो जमाना गेला, पण डोक्यातली यादी काही जात नाही आपल्या. पोरीला कमी लेखायला आपण एका पायावर तयार, आणि तिच्यासोबत कोणता कागद गेला ते कोणी उघडूनही बघत नाही.

खरी गोम अशी की आपल्याला ओयूएसीची, म्हणजे ऑन्टारिओतल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जाची, सवय लागली आहे. पोराने फॉर्म १५ जानेवारीच्या आत भरायचा, मार्क शाळेकडून आपोआप जातात, बारावीचे सर्वोत्तम सहा विषय धरतात. वॉटर्लूसारख्या काही ठिकाणी वेगळा फॉर्म असतो, पण एकंदरीत मामला मार्कांचा. अमेरिकेत नववीपासूनचे मार्क बघतात. आणि १ नोव्हेंबरला आपल्या मुलांच्या हातात बारावीचा एकही अंतिम मार्क नसतो, पहिली सेमिस्टर संपते जानेवारीच्या शेवटी. म्हणजे लवकरच्या फेरीत निकाल लागतो तो नववी ते अकरावीवर, आणि शाळा काय पाठवते त्यावर. अर्जाचा अर्धा भाग शाळेचा असतो हो! स्कूल रिपोर्ट, ट्रान्स्क्रिप्ट, काउन्सेलरचं पत्र, प्रोफाइल, आणि वर दोन शिक्षकांची पत्रं.

मान्य, काउन्सेलरच्या डोक्यावर शेकडो पोरं असतात आणि त्यातली अमेरिकेला निघालेली एखाददुसरीच.

म्हणूनच म्हणते, हे काम अकरावीच्या मे महिन्यात करायचं. ज्या शिक्षकाने पहिल्या सेमिस्टरला शिकवलं, त्याला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पोरीचा चेहरा आठवला तरी पुष्कळ. मेमध्येच दोघांना विचारा, त्यांच्या वर्गात केलेल्या दोनतीन कामांची आठवण लिहून द्या. जुलै-ऑगस्टला शाळेत चिटपाखरू नसतं, तेव्हा ट्रान्स्क्रिप्ट मागून उपयोग नाही. सप्टेंबरात अमेरिकन विद्यापीठांच्या सामायिक अर्जावर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर आधी फर्पाचा, म्हणजे शाळेच्या नोंदी बघण्याच्या हक्काच्या कायद्याचा, भाग भरायचा आणि पत्रं स्वतः बघण्याचा हक्क सोडायचा. हा भाग भरल्याशिवाय शिक्षकांना आमंत्रण जातच नाही. गेल्यावरही ते स्कूल बोर्डाच्या मेलमध्ये स्पॅममध्ये जाऊन पडतं, आणि शिक्षक म्हणतात आलंच नाही, मुलगी म्हणते पाठवलंय. दोघंही खरंच बोलत असतात. पाठवलं त्याच दिवशी समोर जाऊन विचारा, मिळालं का.

मुलीच्या स्वतःच्या भागावर जास्त बोलत नाही, तो ती नीट करते. ६५० शब्दांचा निबंध, दहा उपक्रम, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. मंडळाच्या गणेशोत्सवात तीन वर्षं ढोलपथक सांभाळलं हे तिने आईच्या आग्रहाखातर शेवटी टाकलं होतं. वर घे म्हटलं, चाळीस पोरांच्या तालमी लावणं म्हणजे काय खेळ आहे? सॅटचं, म्हणजे प्रवेशपरीक्षेचं, तेवढं बघा. एमआयटी, हार्वर्ड, येल, ब्राउन, डार्टमथ यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे (येलला सॅटऐवजी एपी-आयबीही चालतं), कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं सॅटचे गुण बघतच नाहीत. टोरोंटोच्या आसपासची केंद्रं लवकर भरतात, ऑगस्टची जागा वसंतातच धरा.

आता पैसे. कॅनडातली मुलं बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदार धरली जातात. आर्थिक मदत मागितली म्हणून प्रवेशाला धक्का लागत नाही अशी विद्यापीठं परदेशी मुलांसाठी मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन आणि आणखी थोडी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ ही सवलत कॅनडाच्या नागरिकांना आणि पीआरवाल्यांनाही (कायम रहिवाशांनाही) देतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. बाकी ठिकाणी मदत मागणं निर्णयात मोजलं जातं. म्हणून कोणी शहाणा सांगतो, आत्ता मागूच नका, नंतर बघू. खाजगी विद्यापीठाचा खर्च वर्षाला ९० हजार अमेरिकन डॉलरच्या घरात गेलाय, आणि बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने अर्जासोबत मागितली नाही तर पुढे दारच बंद. नंतर काय बघणार?

आर्थिक मदतीसाठी फॉर्म भरायचा सीएसएस प्रोफाइलचा. फाफसा नाही, तो अमेरिकन नागरिकांसारख्यांचा. टी-४ (पगाराची स्लिप) आणि सीआरएची, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याची, नोटिस ऑफ असेसमेंट हाताशी ठेवा. आणि कोथरूडचा वन बीएचके भाड्याने दिलाय ना, तो त्यात लिहावा लागतो. "ते इंडियातलं आहे, त्यांना काय कळतंय" असं म्हणू नका, सही तुमची असते. सातबाऱ्यावर पाच भावांत तुमचं नाव असेल तर तुमच्या हिश्श्याची किंमत टाका आणि खुलाशाच्या रकान्यात दोन ओळी लिहा.

या मुलीच्या घरी अजून एक भानगड आहे, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी असेल. घरचे सगळे पीआर, पासपोर्ट भारताचा. कॅनडाच्या नागरिकाला एफ-१ साठी, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत जायला, व्हिसा लागत नाही, विद्यापीठाचा आय-२० कागद आणि सेव्हिस या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची पावती घेऊन तो थेट टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर उभा राहतो. भारतीय पासपोर्टवाल्याला वकिलातीत जाऊन व्हिसा काढावा लागतो. वर पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहायला हवं. चार उन्हाळे आणि ख्रिसमसच्या सुट्या धरून गणित ताणलेलंच राहतं. नागरिकत्वासाठी लागणारे आई-वडिलांचे कॅनडातले १,०९५ दिवस भरले असतील तर पोरगी अठराची व्हायच्या आत सगळ्यांचा नागरिकत्वाचा अर्ज एकत्र टाका, मग तिचे दिवस वेगळे मोजत नाहीत. वाढदिवस उलटला की तिला स्वतःचे १,०९५ भरावे लागतात, आणि ते बोस्टनमध्ये बसून भरत नाहीत. या मुलीचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे. आईला हे आज कळलं.

"एवढं करून टोरोंटो, मॅकगिल काय वाईट आहेत?" नाहीत वाईट. तिने ओयूएसीही भरलंय, दोन्ही चालतं.

सकाळी जितकी चिडले होते तितकी आता नाही. अस्वलाचं काय करायचं ते ठरलंय. काउन्सेलर सुधारलेलं प्रोफाइल विद्यापीठाला मेलने पाठवू शकते, शाळेच्या नावानिशी दोन ओळींचं पत्र जोडून. जानेवारीच्या मुदतीच्या सहा अर्जांसोबत नवीनच जाईल. फेब्रुवारीत मिडइयर रिपोर्टसोबत पुन्हा जोडता येईल, तेव्हा बारावीच्या चार विषयांचे मार्कही असतील. काय लिहायचं त्याचा एक कागद आईच्या हाती दिलाय: लेव्हल ४ म्हणजे काय, सेमिस्टर कशी, एपी नाहीत, रँक नाही. वर्गातले आकडे फक्त शाळेकडेच आहेत, ती जागा मोकळी ठेवलीय. काउन्सेलरला दोष द्यायचा नाही, चकलीचा डबा घेऊन जायचं असंही ठरलंय.

सोमवारी सकाळी साडेआठला आई शाळेत जाणार आहे. गाडी कुठे लावायची ते माहीत आहेच.