वही भरली म्हणजे डोकं चाललं असं नाही

एक मेसेज फिरतोय. हाताने नोट्स काढणाऱ्याचा मेंदू जास्त चालतो, टायपिंगवाला नुसती नक्कल मारतो, आणि ज्याची वही भरगच्च तो विषयात पक्का. यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच पटतं लगेच.

मेंदूचं आधी. पुरावा म्हणून नॉर्वेचा २०२४ चा ईईजी (डोक्यावर सेन्सर लावून मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणारा) अभ्यास चिकटवलाय. त्यात ३६ विद्यार्थी, स्क्रीनवर दिसलेला शब्द डिजिटल पेनने लिहायचा नाहीतर टाइप करायचा, आणि टायपिंग तेही एकाच बोटाने! लिहिताना मेंदूच्या भागांमधली जोडणी जास्त दिसली हे कबूल, पण लेक्चर नाही, नोट्स नाहीत, नंतर काय आठवतं ते तपासलेलंही नाही.

मग मार्क. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर या संशोधकांना दिसलं की लॅपटॉपवाले ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात (करू नका सांगितलं तरी!) आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत मागे पडतात. २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, नक्कल तशीच दिसली पण मार्कांत ठोस फरक निघाला नाही, आणि हे मात्र मेसेजमध्ये नाहीये.

आता भरलेली वही. नोट्स काढणं दमवणारं काम आहे यात वाद नाही, एकाच वेळी ऐकायचं, निवडायचं, लिहायचं, त्यात बोलणाऱ्याच्या वेगाला पेन कधीच पुरत नाही. ही मेहनत मोजतात कशी तर मधेच आवाज करून, माणूस बटण किती उशिरा दाबतो ते बघून, जितका उशीर तितकी मेहनत जास्त. म्हणजे काम चालू असताना मोजतात, नंतर पान बघून नाही. नवखा माणूस बऱ्याचदा सगळं लिहायला बघतो कारण महत्त्वाचं काय हेच त्याला कळत नसतं, आणि जाणकाराच्या डोक्यात सांगाडा आधीच तयार असतो म्हणून तो फक्त नवीन किंवा खटकलेलं तेवढंच टिपतो. अर्थात तीन शब्दांचं पान झोप लागल्यामुळेही तीन शब्दांचं असू शकतं 😄

माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या चार रंगांच्या पेनांनी सजलेल्या, सगळे उसन्या मागायचे. शेजारी बसणाऱ्या मित्राचं अर्धं पान, दोन बाण आणि एक प्रश्नचिन्ह. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्याच वहीतला धडा मला तो समजावून सांगत होता.