सध्या काय खेळतोस, असं कुणी विचारलं तर

चतुर्थीला चाकरमानी गावात उतरले, की दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चहाबरोबर एक प्रश्न येतोच. पूर्वी तो ‘पगार किती?’ असा असायचा. पगारावर कुणी खरं बोलत नाही हे सगळ्यांना कळून चुकल्यापासून ‘सध्या काय खेळतंस रे?’ असा येतो. तुम्ही देवगड-मालवणकडचे असाल, किंवा लग्नामुळे झाला असाल, तर उत्तर आधी पाठ करून ठेवा. मी एकदा भाबडेपणाने ‘शेतीचा एक गेम खेळतो’ असं खरं सांगून बसलो. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते अजून चालूच आहे.

आधी विचारणारा कोण ते पाहा. पुण्यातल्या आयटी कंपनीतला पुतण्या असेल, तर उत्तर ‘एल्डन रिंग’. २०२२चा जपानी गेम, अवघड म्हणून जगभर नावाजलेला. खेळायची काही गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा, की सुरुवातीच्याच माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो आणि नवखा माणूस त्याच्या अंगावर जाऊन मरतो. पुन्हा जातो, पुन्हा मरतो. बाजूने वळसा घालून जाता येतं, पण ते कळेपर्यंत शनिवार-रविवार संपलेला असतो. तुम्ही डोळे किंचित मिटून म्हणायचं, ‘‘मरण्यातच त्याची मजा आहे.’’ आमच्या दशावतारातला संकासुर हेच काम जत्रेत वर्षानुवर्षं करतोय, त्याला कुणी पाचपैकी पाच तारे दिले नाहीत, ही गोष्ट वेगळी. पुतण्या गंभीरपणे मान डोलावेल. तोही त्याच माळावर मेलेला असतो.

पुरावा मात्र मागे ठेवू नका. स्टीम नावाचं जे गेमचं दुकान आहे, ते तुम्ही किती तास खेळलात हा आकडा तुमच्या मताच्या डोक्यावरच छापतं. खाली ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’ आणि वर ०.७ तास. याच दुकानाचा दुसरा नियम असा, की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणजे मत बनवायला एक तास एकोणसाठ मिनिटं हातात असतात. भरपूर झाली. आपल्याकडे स्थळ पसंत करायला याहून कमी वेळ घेतात आणि तिथे परतीची सोयही नसते.

विचारणारे वाडीतले पोरगे असतील, तर ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमवर मत हवं. आमच्या वाडीत घरात रेंज नसते. ती वर जांभ्याच्या सड्यावर, शाळेच्या मागच्या एका ठरावीक दगडावर असते, नाहीतर खाली किनाऱ्यावर. त्या दगडावर चौघं दाटीवाटीने बसतात, कारण टीम चौघांची आणि दगडही चौघांचाच. खेळात शंभर जण विमानातून उतरतात, भोवतीचं वर्तुळ आकसत जातं, आपसात मारामाऱ्या होतात आणि शेवटी एक टीम उरते. बाहेरच्या जगाला हा खेळ नवा वाटला म्हणे. सामायिक सातबाऱ्यावर शंभर नावं असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

इथे थोडा इतिहास तोंडावर हवा. पबजी भारतात २ सप्टेंबर २०२०ला बंद झाला. क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ नाव बदलून २ जुलै २०२१ला बीजीएमआय म्हणून आणला. जुलै २०२२मध्ये तोही अॅप स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३मध्ये परत उगवला. फ्री फायर या तसल्याच दुसऱ्या गेमवर फेब्रुवारी २०२२मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. घाटावरच्यांचा यात गोंधळ उडतो. किनाऱ्यावर उडत नाही. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि त्या ६१ दिवसांत जावई आला तर त्याच्या ताटात बांगडा कुठून येतो हे विचारायची पद्धत नाही. उलट याच दिवसांत आमच्याकडचा खेळ ऐन भरात असतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, पाऊस धो धो, आणि एकेका होडीखाली एकेक टीम.

बीजीएमआयमध्ये रक्त हिरवं दाखवतात, मुलांच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून. परिणाम झाला तो एका आजीच्या मनावर. तिने नातवाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘माणूस मारलंस, काय वाटाप सांडलंस?’’ शिवाय १८ वर्षांखालच्या खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. ती अगदी कडक पाळली जाते. आमच्या वाडीतला सातवीतला प्रत्येक मुलगा आजोबांच्या फोनवर खेळतो आणि त्याचं वय एकोणऐंशी आहे.

वडीलधाऱ्यांसमोर धोरण बदला. तिथे गेम हा शब्दच काढायचा नाही. आपण खेळतो तो टाइमपास आणि शेजारी खेळतो ते व्यसन, एवढी व्याख्या ध्यानात ठेवली तर कुठल्याही बैठकीत निभावून जाईल. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या विषयावर शाळेत दर वर्षी बोलतात. अभ्यास दांडगा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आयसीडी-११ या यादीत घातला, ती यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली, निदानासाठी साधारण १२ महिन्यांची लक्षणं बघतात, सगळं मुखोद्गत. भाषण बरोबर अर्ध्या तासाचं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मुख्याध्यापक दर वर्षी आभार मानताना या वक्तशीरपणाचा आवर्जून उल्लेख करतात. मी शेजारच्या खुर्चीवर असतो म्हणून मला कारण माहीत आहे. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात, आणि ते संपले की नवा जीव यायला अर्धा तास लागतो.

लुडो किंगला तर कुणी गेम म्हणतच नाही. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६मध्ये काढलेला हा खेळ लॉकडाऊनमध्ये घराघरांत शिरला, तो माजघरातून अजून बाहेर पडलेला नाही. त्याच्याबद्दल एकच मत सर्वमान्य आहे : ‘‘मोबाइल लबाड आसा. माका सहा पडाक देना नाय.’’ हे मत हरणाराच देतो, पण घरात हरणारेच जास्त असल्यामुळे ते बहुमताने मंजूर होतं.

आता नाजूक विषय. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि २७ला गणपती बसले. म्हणजे कायदा आणि चाकरमानी साधारण एकाच आठवड्यात कोकणात पोचले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे सगळं आमच्या पडवीत चांगलं तासभर समजावून सांगितलं गेलं. सांगणाऱ्याने मोबाइलवरच्या रमीने बुडालेली घरं बोटांवर मोजली. ऐकणाऱ्यांनी चुकचुकत माना हलवल्या. मग आरती झाली, जेवणं झाली, मधोमध चटई आली आणि पहाटे चारपर्यंत तीन पत्ती रंगली. यातही दोघं जण चांगलेच बुडाले, पण देवासमोर बसून बुडणं याला जागरण म्हणतात. तुम्हाला या दोन्हींत फरक काय असा प्रश्न पडत असेल, तर कृपा करून तो मोठ्याने विचारू नका. मी विचारला आणि मला पुढच्या डावाला पानं वाटली नाहीत.

जीटीए सिक्स या गेमचं एका दमात उरकतो. मागचा भाग २०१३चा. नवा आधी २०२५मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ला, मग १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख सांगण्यात आली. या विषयावर मत मागितलं तर पनवेल ते सावंतवाडी ज्याने रस्त्याने प्रवास केला आहे त्याने मंद हसावं, बस्स. फक्त एक फरक मान्य करायला हवा. गेमवाल्यांनी तारीख पुढे ढकलताना दर वेळी माफी मागितली.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा : ज्या धंद्यावर गेम काढलेला आहे, तो धंदा खरोखर करणाऱ्या माणसाला गेम दाखवू नका. त्याला मत असतं आणि ते खरं असतं. माझ्या मेहुण्याने निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेल्या आपल्या मामांना ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ दाखवला. बाली-जावाच्या रस्त्यांवरचा गेम, पण हौशी पोरांनी त्यात आपली लाल गाडी हुबेहूब रंगवून घातली आहे. मामा चष्मा लावून बसले. पहिला प्रश्न, ‘‘क्लच खय आसा?’’ दुसरा, ‘‘कंडक्टर खय बसता?’’ मग त्यांनी गाडी सुरू केली आणि प्रत्येक थांब्यावर, कुणी चढो न चढो, पूर्ण थांबवली. एका वळणावर हॉर्न दाबून ते वाट बघत राहिले. समोरून काही येणार नव्हतं, पण बत्तीस वर्षांची सवय. घाट उतरून झाल्यावर फोन परत दिला आणि म्हणाले, ‘‘बरो आसा. पण ह्या गाडयेक आवाज नाय. गाडी खडखडली नाय तर समजतला कसा, खय दुखता ता?’’ यावर गेमवाल्यांकडे उत्तर असेल असं वाटत नाही.

‘डेव्ह द डायव्हर’ हा कोरियन गेम. दिवसा समुद्रात बुडी मारून मासे पकडायचे, रात्री त्याच माशांचं सुशी हॉटेल चालवायचं. जगाला त्याने वेड लावलं. बंदरावरच्या एका रापणकराचं मत मी स्वतः ऐकलं, ‘‘दिसाचा मासे मारतलो, रातचा हॉटेल चालवतलो, मगे निजतलो कधी?’’ आणि थोडं थांबून, ‘‘ह्येची बायल खय गेली?’’ कारण मालवणात हॉटेल कोण चालवतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच या गेममधली खरी उणीव दिसते.

आता माझी फजिती. मी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ खेळतो. एका अमेरिकन माणसाने साडेचार वर्षं एकट्याने खपून केलेला, २०१६मध्ये आलेला शेतीचा गेम. पडवीत मी हे बोलून गेलो आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपर खाली ठेवला. घरची साडेतीनशे हापूसची कलमं टाकून मुलगा मुंबईत बसून मोबाइलवर शेती करतो, हे त्यांना तिथे, सगळ्यांच्या देखत कळलं. मेहुण्याने आगीत तेल ओतलं, ‘‘अण्णा, त्यात आंबोपण आसा.’’

आहे. गेमच्या नंतरच्या आवृत्तीत गेमवाल्याने आंब्याचं कलम घातलं. ते २८ दिवसांत फळाला येतं. मोहोराची वाट बघायला नको, तुडतुडे नाहीत, थ्रिप्स नाहीत, फेब्रुवारीत ढग आले म्हणून रात्रभर जागणं नाही. फवारणीचं वेळापत्रक नाही. एकदा झाड झालं की हंगामात रोज एक आंबा.

‘‘रोज एक?’’ अण्णा म्हणाले. ‘‘माझ्या कलमावरची माकडां ह्याच्यापेक्षा जास्त खातत.’’

पडवीभर हशा झाला. विषय संपला असं मला वाटलं. पण दुपारी सगळे लवंडल्यावर अण्णा माझ्या खाटेशी आले आणि हळूच म्हणाले, ‘‘दाखव बघूया.’’ मी दाखवलं. त्यांनी झाड पाहिलं, दोन झाडांतलं अंतर पाहिलं, ते कमी आहे असं सांगितलं. भाव किती लागतो ते विचारलं. मी म्हटलं, साध्या आंब्याला १३० नाणी. त्यांनी मनातल्या मनात डझनाचा हिशोब केला. पंधराशे साठ. भुवया वर गेल्या.

‘‘पेटी वाशीक कोण धाडता?’’

धाडायची नाही, मी म्हटलं. घराशेजारी एक पेटारा आहे. संध्याकाळी त्यात आंबे टाकायचे. सकाळी उठलं की पैसे जमा.

‘‘सगळे? दलाली? हमाली?’’

काही कापत नाहीत.

‘‘आणि रातचे आंबे न्हेता कोण?’’

मी खरं तेच सांगितलं. गावचा मेयर स्वतः येऊन नेतो. मेयर म्हणजे, म्हटलं, आपला सरपंच समजा.

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. सरपंच रात्री एकटा येतो, पेटाऱ्यातले आंबे नेतो, आणि सकाळी पूर्ण पैसे ठेवतो. मग त्यांनी फोन माझ्या छातीवर ठेवला, चष्मा काढला आणि पडवीकडे जाता जाता म्हणाले, ‘‘झिला, आंब्याचा ठीक आसा रे. पण माणसां तरी खरी घालूची होती.’’

त्यानंतर दर रविवारी फोन येतो. आई बोलते, पावसाचं, गाईचं, दुखण्याचं सांगते. मग फोन अण्णांकडे जातो आणि ते घसा खाकरून विचारतात, ‘‘काय रे, सरपंच इल्लो काय काल?’’