एक साडी, दोन उजव्या बाह्या

जुन्या साडीचा कुर्ता शिवणं हे एका दुपारचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी साडीचा फॉल कधी उसवलेला नसतो. मशीनवरचं काम दोन-तीन तासांचं. त्याआधीचे दोन दिवस उसवण्यात, मोजण्यात आणि साडीच्या मालकिणीची मनधरणी करण्यात जातात. "कपाटात नुसती पडलीये" हे आईचंच वाक्य. पण कात्री दिसली रे दिसली, की तीच साडी तिला कुणाच्या तरी मुंजीत नेसायची असते.

परवानगी मिळाली तरी साडीची परवानगी वेगळी. रेशमी साडी वर्षानुवर्षं त्याच घडीवर ठेवली की घडीवरचे धागे मरतात. ती आधी उजेडासमोर धरायची. घडीच्या जागी बारीक चांदण्या दिसल्या तर सावध. मग दोन्ही अंगठ्यांत कापड धरून आडवं आणि उभं हलकेच ताणायचं. 'चर्र' असा आवाज आला तर कुर्त्याचा विषय संपला, उशीच्या अभ्र्याचा सुरू. निऱ्यांची खालची कड आणि खांद्यावर पिन लावायची जागा या जन्मजात संशयित. आत खोचला जाणारा पहिला मीटरभर भाग मात्र बहुधा नव्यासारखा निघतो. बिचाऱ्याने एकही लग्न पाहिलेलं नसतं.

फॉल अडीच-पावणेतीन मीटरचा. खालून मशीनची टीप, वरून हातशिलाई, आणि ती घालणारीने जीव ओतलेला. इथे दाढीचं ब्लेड वापरू नये. ते दोऱ्याआधी काठ कापतं. छोटी उसवणी घ्यावी, चार-पाच टाक्यांआड एक टाका कापावा आणि दोरा ओढावा. सुती साडीवरची सुईची भोकं वाफेची इस्त्री फिरवून नखाने घासली की बरीच बुजतात. रेशमावरची राहतात. त्यांना नक्षी म्हणायचं.

आता हिशेब. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच, लांबी साडेपाच मीटर. कुर्त्याची उंची पन्ह्यात काढली, तर साडीचा खालचा काठ आपोआप घेरावर येतो आणि खाली दुमडायची कटकट वाचते. 42 इंची कुर्त्याला खांद्याच्या शिवणीसाठी अर्धा इंच जास्तीचं कापड, म्हणजे माया, धरून 42.5 इंच लागतात. वरचे अडीच इंच, म्हणजे वरचा काठ, कापून बाह्यांना लावायचा. पुढचा भाग 24, मागचा 24, बाह्या 16-16, एकूण 80 इंच. सव्वादोन मीटरमध्ये काम भागतं. उंच माणसांनी सरळ ट्यूनिक म्हणावं आणि खाली सलवार घालावी.

पदराला मात्र हा हिशेब लागू नाही. अंगावरच्या बुट्ट्या काठ खाली धरला की उभ्या राहतात, पण पदरावरचे मोर साडीच्या लांबीच्या दिशेने उभे असतात. पदर याच पद्धतीने कापला की मोर पोटावर आडवे पडतात, दुपारच्या जेवणानंतरसारखे. म्हणून पदराचा तुकडा वेगळा कापून पाठीवर उभा लावायचा. तोही खांद्यावर घडी ठेवून पुढे-मागे सलग कापायचा नाही; तसं केलं की एका बाजूचे मोर शीर्षासनात जातात.

सगळ्यात महाग चूक गळ्याची. कापड दुहेरी असतं, त्यामुळे 6 इंच रुंद गळ्यासाठी घडीपासून फक्त 3 इंचांवर खूण करायची. हे विसरून 6 वर केली की गळा 12 इंचांचा होतो आणि 14 इंची खांद्याला दोन्हीकडे एकेक इंच उरतो. दुसऱ्या क्रमांकावर बाही. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढून जास्त खोल असतो, म्हणून दोन बाह्या कापताना कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर हव्यात. नाहीतर दोन्ही उजव्या निघतात. डावा हात मग पुढे येत नाही, आज्ञाधारकपणे मागेच राहतो.

अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचंच. कोरं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाचे फुगे येतात. सुती अंगाच्या, रेशमी काठाच्या इरकलीचंही तेच: अंग आटतं, काठ हट्टाने तेवढाच राहतो आणि शिवणीजवळ चुण्या पडतात. रेशमाला 11 नंबरची सुई, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत असतो ही समजूत जुन्या रेशमावर उलटते. भोकं इतकी जवळ येतात की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं शिस्तीत फाटतं. छाती 36 असेल तर कुर्ता किमान 41 चा ठेवावा. जुनं रेशीम मिठी सहन करत नाही.

एवढं झाल्यावर लक्षात येतं, की डोक्याचा घेर 22 इंच आणि गळ्याचा 21. पाठीला चीर ठेवायची राहिलेली असते. डोकं कसंबसं गळ्यापर्यंत येऊन थबकतं, दोन्ही हात वर, बाह्या कोपरात अडकलेल्या, डोळ्यांसमोर आडवे मोर. बाहेरून आईचा आवाज येतो, "अगं, ती मोरांची साडी कुठे गेली? परवा नेसायची होती." आणि काखेतून तो ओळखीचा आवाज: चर्र.